विश्लेषण : ताई-दादा धाकट्यांना शिकवतील, पण ताई-दादांना कोण शिकवणार?

मोठ्या वर्गातील मुलांनी लहान वर्गातील मुलांना वाचन-गणितात मदत करावी, ही कल्पना राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. अनेक शाळांत ती आपापल्या परीने चालतेही. पनवेल तालुक्यात एका बाजूला विमानतळ आणि उंच इमारती, तर दुसऱ्या बाजूला दोन शिक्षकांवर चालणाऱ्या वाडी-पाड्यांवरच्या शाळा आहेत. अशा ठिकाणी तिचा खरा उपयोग होऊ शकतो. मात्र मोठ्या मुलांना आधी नीट तयार केले नाही, तर हीच कल्पना शिक्षकांच्या रिकाम्या जागा झाकण्याचे साधन ठरेल.

कल्पना नेमकी काय?

सातवीतील मुलगी आठवड्यातून तीन वेळा, वीस-वीस मिनिटे, दुसरीतील एकाच मुलाशेजारी बसते. तो मोठ्याने वाचतो, ती ऐकते. तो अडला की ती थोडी थांबते, मग काहीतरी सुचवते, जमले की तसे सांगते. असे आठ-दहा आठवडे चालते. यात फळा नाही, छडी नाही आणि तीस मुलांचा वर्गही नाही. नवा धडा शिकवणे हे शिक्षकाचेच काम राहते. शिकवलेले पक्के होण्यासाठी धाकट्याला जो सराव लागतो, त्याला सोबत देणे एवढेच मोठ्या मुलाचे काम.

या सोबतीची गरज साध्या हिशेबातून कळते. तीस मुलांच्या वर्गात शिक्षकांनी तासभर फक्त प्रकट वाचन घेतले, तरी एका मुलाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. जोडीत बसलेल्या मुलाला वीसच्या वीस मिनिटे मिळतात. वाचन हे ऐकून येत नाही, करून येते. त्यामुळे हा फरक मोठा आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरतेच्या प्रकरणात मुलांनी मुलांना शिकवण्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. त्याला तीन अटीही जोडल्या आहेत. हे काम स्वेच्छेचे आणि आनंदाचे असावे, ते प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावे आणि मुलांच्या सुरक्षिततेची काळजी घेतली जावी. चर्चेत कल्पना राहते, अटी मात्र मागे पडतात.

आताच हा विषय महत्त्वाचा का?

तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, या उद्देशाने केंद्राने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. उद्दिष्टासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरले. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांमधील तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. सुधारणा आहे, पण मुक्काम दूर आहे.

याच पाहणीतील दुसरी बाब कमी चर्चिली जाते. सरकारी शाळांतील आठवीच्या जवळपास एक तृतीयांश मुलांनाही दुसरीचा मजकूर सलग वाचता येत नाही. म्हणजे प्रश्न केवळ धाकट्यांचा नाही. वर्ग पुढे सरकत गेले, वाचन मागेच राहिले, अशी मुले वरच्या वर्गांतही बसलेली आहेत. आठवीच्या मुलासमोर दुसरीचे पुस्तक ठेवले तर त्याला अपमान वाटतो. पण तेच पुस्तक धाकट्याला शिकवण्यासाठी हातात दिले, तर ते मानाचे काम होते. या पद्धतीचे अर्धे बळ इथे आहे.

ही पद्धत आली कुठून?

पंतोजींच्या जुन्या शाळांत धुळपाटीवर अक्षरे गिरवून घेणे, पाढे म्हणवून घेणे ही कामे थोराड मुलांकडे असत. अशाच देशी शाळेत वाळूवर अक्षरे काढणारी मुले मद्रासमध्ये अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याच्या नजरेस पडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो तेथील लष्करी अनाथाश्रमाची शाळा चालवत होता. आपल्या शिक्षकांनी ही रीत वापरायला नकार दिल्यावर त्याने मोठ्या मुलांनाच धाकट्यांचे शिक्षक केले. १७९७ मध्ये त्याने या प्रयोगावर पुस्तिका काढली. पुढे लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरनेही अशीच पद्धत रूढ केली आणि ती अनेक देशांत पसरली.

ती पसरली, याचे कारण ती स्वस्त होती. एकच मास्तर शेकडो मुलांची शाळा चालवू शकतो, हा तिचा मोठा दावा होता. पण ज्या मुलाला स्वतःलाच धडा जेमतेम कळला आहे, तो घोकंपट्टीपलीकडे काय देणार? ही उणीव लक्षात आल्यावर ब्रिटनने १८४६ मध्ये ‘विद्यार्थी-शिक्षक’ योजना आणली. तेरा वर्षांपुढच्या निवडक मुलामुलींना पाच वर्षे उमेदवारी, त्याबद्दल मानधन आणि मुख्याध्यापकांकडून रोज दीड तास स्वतंत्र शिक्षण, अशी तिची रचना होती. स्वस्त पद्धतीतील दोष दूर करायला शेवटी प्रशिक्षणाचा वेळ आणि खर्च द्यावाच लागला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा हा धडा आजही लागू आहे.

संशोधन काय सांगते?

१९८२ मध्ये कोहेन आणि कुलिक दांपत्य या संशोधकांनी अमेरिकेत अशा ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शिकणाऱ्या मुलांची परीक्षेतील कामगिरी तपासणाऱ्या ५२ पैकी ४५ अभ्यासांत त्यांना फायदा दिसला. शिकवणाऱ्या मुलांची कामगिरी तपासणाऱ्या ३८ पैकी ३३ अभ्यासांत त्यांचीही प्रगती दिसली. जिथे कामाची रचना ठरलेली होती आणि कालावधी मर्यादित होता, तिथे फायदा जास्त होता. स्कॉटलंडमधील फाइफ भागात १२९ प्राथमिक शाळांत दोन वर्षे प्रयोग झाला. तिथे समवयस्कांच्या जोड्यांपेक्षा मोठा-लहान अशा जोड्या सरस ठरल्या.

नाण्याची दुसरी बाजूही आहे. इंग्लंडमध्ये २०१५ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, एक गणिताची आणि एक वाचनाची, कोणालाही विशेष फायदा आढळला नाही. म्हणजे जोड्या लावल्या की फळ मिळतेच, असे नाही. इतर सराव भरपूर मिळणाऱ्या शाळेत वीस मिनिटांनी फारसा फरक पडणार नाही; जिथे घरी पुस्तक नाही आणि शाळेत शिक्षक दोनच आहेत, तिथे तो पडू शकतो. पण हा तर्क आहे. तो प्रत्येक ठिकाणी मोजून पाहावा लागेल.

जवळचे अनुभव कोणते?

पनवेलला सर्वात जवळचा मोठा पुरावा मुंबईचा आहे. ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील पालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रम राबवला. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतील, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुणी. तिला वर्षाच्या सुरुवातीला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे. मग ती तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वाचन आणि अंकज्ञान शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ दरम्यान त्याचे मूल्यमापन केले. पहिल्या वर्षी फायदा दिसला, दुसऱ्या वर्षी तो जवळपास दुप्पट झाला. सर्वाधिक लाभ सर्वात मागे असलेल्यांना झाला. मदत थांबल्यावर वर्षभरात त्यातील बराचसा फायदा ओसरला, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे. बॅनर्जी आणि डफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

बालसखी या शाळकरी मुली नव्हत्या, हा फरक विसरता येणार नाही. तरी बी.एड., डी.एड. नसलेली व्यक्तीही मर्यादित काम, नेमके प्रशिक्षण आणि नियमित देखरेख मिळाली तर धाकट्यांना वाचते करू शकते, हे त्यातून दिसले.

दुसरा अनुभव कोसबाडचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर त्यांना घराघरांत सापडले. कडेवर धाकटे भावंड होते. म्हणून त्यांनी ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकट्याची सोय झाली, तेव्हा थोरली शिकू लागली. मोठ्या मुलींवर आणखी एका जबाबदारीची भर घालण्याआधी प्रत्येक शाळेने हा अनुभव आठवायला हवा.

प्रशिक्षणात काय शिकवायचे?

मूल अडले की मोठी मुले एकतर लगेच उत्तर सांगतात किंवा हसतात. दोन्ही सवयी मोडणे हा प्रशिक्षणाचा गाभा आहे. समजा धाकटा ‘रस्ता’ या शब्दापाशी अडखळला. तयारी नसलेली ताई ‘रस्ता’ असे म्हणून मोकळी होते. शब्द कळतो, पण जोडाक्षर सोडवायची संधी जाते. तयार केलेली ताई मनातल्या मनात पाच अंक मोजते. तरी जमले नाही, तर चित्राकडे बोट दाखवते किंवा ‘स’ आणि ‘ता’ वेगळे म्हणून दाखवते. जमल्यावर ‘शाब्बास’ एवढेच म्हणत नाही, तर ‘जोडाक्षर तू स्वतः सोडवलेस’ असे सांगते. थांबणे, सुचवणे आणि नेमके कौतुक करणे, ही तीन पावले एका तासात दाखवता येतात. अंगवळणी पडायला मात्र चार-पाच वेळा सराव करून घ्यावा लागतो.

गणितात तर शिकवणाऱ्याचीच परीक्षा होते. ४७ आणि ३८ ची बेरीज सातवीचे मूल क्षणात करते. सात आणि आठ पंधरा, पाच खाली, हातचा एक. धाकट्याने ‘हातचा एक म्हणजे काय?’ असे विचारले की बहुतेकांची बोलती बंद होते. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून पंधरा सुट्या काड्यांतून एक गठ्ठा तयार होतो हे दाखवायचे, तर आधी ते स्वतःला कळावे लागते. वर्षानुवर्षे यांत्रिकपणे केलेली क्रिया त्या क्षणी मोठ्या मुलाला पहिल्यांदा समजते.

शेजारी बसायचे, समोर नाही. मारायचे नाही, कान पिळायचा नाही, टोपणनावाने हाक मारायची नाही. रोज वहीत दोन ओळी लिहायच्या : आज काय वाचले, कुठे अडले. मूल रडू लागले, भुकेले वाटले किंवा घरातील काही गंभीर सांगू लागले, तर स्वतः सल्ला न देता थेट शिक्षकांना सांगायचे. ही शेवटची सूचना सर्वात महत्त्वाची आहे. बारा वर्षांच्या मुलावर समुपदेशकाचे ओझे टाकता येत नाही.

निवड कोणाची : हुशार मुलांची की मागे पडलेल्यांची?

बहुतेक ठिकाणी वर्गातील पहिल्या पाच मुलांची नावे पुढे केली जातात. ती सोयीची असतात, पण त्यांना या कामाची गरज सर्वात कमी असते. सातवीत असूनही अडखळत वाचणारा मुलगा दुसरीच्या गोष्टीची तयारी करू शकतो. धाकट्यासमोर अडखळायला नको म्हणून तो ती आदल्या दिवशी चार वेळा वाचतो. तो सराव एरवी कोणी सांगूनही झाला नसता. शाळेत ‘ढ’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलाला कोणी ‘दादा, ही गोष्ट परत वाचू या’ म्हणते, तेव्हा त्याचे शाळेशी तुटत चाललेले नाते जुळू लागते.

म्हणून जोडी लावताना दोघांमध्ये वाचनाचे दोन-तीन इयत्तांचे अंतर असले की पुरे. मोठा मुलगा वर्गात पहिला असण्याची गरज नाही.

पनवेलमध्ये याचा वेगळा अर्थ काय?

पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. रायगड जिल्ह्यातील ही पहिली महापालिका. खारघर-कामोठ्यातील खासगी शाळा, शहरातील पालिकेच्या शाळा, गावांतील जिल्हा परिषदेच्या शाळा आणि आदिवासी वाड्यांवरील छोट्या शाळा एकाच तालुक्यात आहेत. तळोजा औद्योगिक वसाहत आणि बांधकामांमुळे परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुले मराठी शाळांत येतात. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले मधूनच गळतात आणि पावसाळ्यात परततात.

इथे भाषेचा प्रश्न कळीचा ठरतो. कातकरी हा राज्यातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. पहिलीत आलेल्या कातकरी मुलाची घरची बोली पुस्तकातील मराठीपेक्षा वेगळी असते. शिक्षकांना ती येत नसेल, तर शाळेत त्या मुलाचे बोलणे समजणारी व्यक्ती बहुधा एकच असते, त्याच वाडीवरची सहावी-सातवीतील ताई. ती त्या मुलासाठी दुभाषी ठरते. अशा मुलीला ‘शिकवणारी’ म्हणून शाळेने अधिकृत मान दिला, तर तिच्या बोलीलाही मान मिळतो. कायम वस्तीबाहेरच्या मुलांनीच शिकवायचे आणि वाडीच्या मुलांनी शिकायचे, अशा जोड्या लावल्या तर जुनीच उतरंड पुन्हा उभी राहील.

धोके कोणते?

पहिला धोका शिक्षकांच्या जागेचा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असली तरी दोन शिक्षक हवेत आणि ते पात्रताधारक हवेत. दोनपैकी एक शिक्षक प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला, की दुसऱ्याला सगळे वर्ग सांभाळावे लागतात. तेव्हा सातवीच्या मुलीला ‘जरा पहिलीवर बस’ असे सांगणे स्वाभाविक आहे. पण ते शिकवणे नव्हे, वर्ग राखणे आहे. त्यात तिचा तास बुडतो आणि पहिलीचाही. याला उपक्रमाचे नाव देणे म्हणजे उणिवेला योजना म्हणणे.

दुसरा धोका मोठ्या मुलाच्या अभ्यासाचा. पालकांची तक्रार रास्त आहे. त्यामुळे आठवड्याला एक तास ही कमाल मर्यादा असावी, तीही परिपाठानंतर किंवा शनिवारी. दहावीच्या मुलांना यात ओढू नये. तिसरा धोका मुलींचा. घरी भावंडे सांभाळणाऱ्या मुलीच ‘समजूतदार’ म्हणून निवडल्या जातात. जोड्यांत निम्मे मुलगे असलेच पाहिजेत. चौथा सुरक्षिततेचा. सर्व जोड्या शिक्षकांच्या नजरेसमोर, ओसरीवर किंवा एका मोठ्या खोलीत बसाव्यात. दोघांच्याही पालकांची संमती हवी आणि नको वाटले तर बाहेर पडायची मोकळीक हवी.

सुरुवात कशी करता येईल?

रायगडची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डायट’, पनवेलमध्येच आहे. शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या या संस्थेने तालुक्यातील दोन-तीन केंद्रे निवडून सहा तासांचा छोटा अभ्यासक्रम तयार करणे अवघड नाही. प्रत्येक शाळेतील एका शिक्षकाला तो द्यावा आणि त्या शिक्षकांनी मोठ्या मुलांना तयार करावे. वेळही उपलब्ध आहे. राज्याने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ उपक्रम सुरू केला. त्यातील काही शनिवार या प्रशिक्षणाला देता येतील.

अनेक वाड्यांवरील शाळा चौथी-पाचवीपर्यंतच असतात. मोठी मुले शेजारच्या गावातील हायस्कुलात जातात. तिथे केंद्रप्रमुखांनी दोन्ही शाळांची गाठ घालून द्यावी लागेल. पनवेल तालुक्यात संस्थांची हायस्कुले भरपूर आहेत. त्यांच्या सातवी-आठवीच्या मुलांनी शनिवारी आपल्याच वाडीच्या शाळेत यावे. वाचनसाहित्याचा खर्चही मोठा नाही. बालभारतीची पुस्तके आहेतच, शिवाय ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठी गोष्टी मोफत मिळतात. शिक्षकांच्या मोबाइलवरून त्या छापून घेता येतात.

मोजमाप साधे ठेवावे. धाकट्याने सुरुवातीला आणि आठ आठवड्यांनी मिनिटाला किती शब्द वाचले, मोठ्याने किती वाचले, आणि ज्या दिवशी जोडी बसते त्या दिवशी दोघांची हजेरी किती. आकडे सुधारले नाहीत, तर पद्धत बदलावी किंवा थांबवावी. ‘उपक्रम राबवला’ असा अहवाल आणि फोटो एवढ्यावर समाधान मानण्याची सवय इथे चालणार नाही.

मग कसोटी कोणती?

मोठ्या मुलांनी शिकवणे चांगले की वाईट, असा सरळ प्रश्न नाही. एखाद्या शाळेत हा उपक्रम कसा चालला आहे, हे ओळखायला पालकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने तीन गोष्टी विचाराव्यात. मोठ्या मुलांना शिकवायला कोणत्या शिक्षकांनी आणि किती तास तयार केले? शिकवणाऱ्यांच्या यादीत स्वतः मागे पडलेली मुले आहेत का? आणि मुले शिकवत असताना शिक्षक त्याच खोलीत असतात का? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर दोन मुले एकाच वेळी शिकत आहेत. नसतील, तर मोठ्या मुलाचा तास खर्च करून शिक्षकाची रिकामी खुर्ची झाकली जात आहे.